दोन्याचं देणं

माझं पहिलं बाळंतपण मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातल्या एका बाईने केलं. वेंगुर्ल्याला घरी हे सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, "म्हणजे परक्याच्या हातचा खावन उठलंस?" आई मात्र काही बोलली नाही. तिने फक्त त्या बाईला काय पाठवता येईल ते विचारलं. आईला लेकीचं पहिलं बाळंतपण करता आलं नव्हतं, ते कोणीतरी केलं, एवढं तिला पुरेसं होतं.

2010 सालचा फेब्रुवारी. नवरा रटगर्स विद्यापीठात पीएच.डी. करत होता आणि त्याच्या विद्यावेतनात आम्ही दोघं न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक गावात राहत होतो. माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. या गावात जॉन्सन अँड जॉन्सनचं मुख्यालय आहे. लहानपणी आमच्या आळीत ज्या घरी बाळ असे, त्या घरातून ज्यांच्या पावडरीचा वास येई, ते हेच. त्या मुख्यालयापासून चालत काही मिनिटांवर फ्रेंच स्ट्रीट सुरू होतो आणि गाव एकदम बदलतं. दुकानांच्या पाट्या स्पॅनिशमध्ये, मक्याच्या रोट्यांचा वास, पैसे घरी पाठवायच्या खिडक्या, आणि पहाटे कामगारांना गोदामांत नेणाऱ्या व्हॅन. इथली बरीच वस्ती वाहाकातून आलेली. त्यातल्याच एका गल्लीत जुन्या लाकडी घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता, कारण विद्यापीठाच्या घरांपेक्षा तो स्वस्त होता. खाली दोन्या राहायची. 'दोन्या' म्हणजे आपल्याकडचं बाई किंवा काकू. सगळी गल्ली तिला तेच म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले.

आई यायची ठरली होती. पण बाबांना अचानक बरं नाहीसं झालं, आणि बदलून मिळणारं तिकीट आम्हाला परवडणारं नव्हतं. मग आईने फोनवर यादी सांगितली. पहिले दहा दिवस मऊ भात, तूप, मेतकूट. सकाळी अळिवाची खीर. डिंकाचे लाडू, त्यात खारीक, खसखस, सुकं खोबरं. लसूण घालून शेपूची भाजी. नाचणीची भाकरी. जेवणावर ओवा-बाळंतशेपा. थोडी सावरलीस की मोरी माशाचं कालवण, दूध येतं त्याने. वांगं नको, बटाटा नको, हरभऱ्याची डाळ नको. आणि शेवटी, "गे बाय, थंड पाणी पिव नको."

यादीतल्या मोरीखेरीज जवळजवळ सगळ्या वस्तू न्यू जर्सीत मिळत होत्या. एडिसन-आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर गुजराती दुकानांत अळीव 'अशेळियो' नावाने मिळतं, डिंक मिळतो, खारकांचे तर ढीग असतात. पण न्यू ब्रन्सविकहून मेट्रोपार्क स्टेशनपर्यंत गाडी, तिथून पुढे बर्फातून पायपीट, आणि हातात पिशव्या. नवऱ्याने एकदा हे सगळं आणलंही. डिंक, खोबरं, खारका ओट्यावर ओळीने मांडून ठेवल्या आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत बसलो. डिंक तळायचा कोणी? खारका कुटायच्या कोणी? नवऱ्याला चहापलीकडे काही येत नव्हतं, टाके दुखत असल्याने मला उभं राहवत नव्हतं, आणि बाळ दर दोन तासांनी उठत होतं. आपल्या बाळंतिणीच्या आहाराचं कौतुक खूप होतं, पण त्या एका ताटामागे आई, आजी, मावशी, काकू आणि शेजारीण अशा चार-पाच जणी सव्वा महिना राबत असतात. देश सोडताना सामान बॅगेत भरता येतं, या बायका भरता येत नाहीत.

मग मी खात काय होते? सरकार देत होतं ते. अमेरिकेत 'विक' नावाची योजना आहे. 1972 साली कायदा झाला, 1974 मध्ये केंटकी राज्यातल्या पाइनव्हिल या गावात पहिलं केंद्र उघडलं. गरोदर बायका, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालच्या मुलांना ठरावीक अन्न मिळतं. अट उत्पन्नाची, दारिद्र्यरेषेच्या 185 टक्क्यांपर्यंत. न्यू जर्सीत व्हिसा कोणता, कागद आहेत की नाहीत, हे विचारत नसत. विद्यार्थ्याचं कुटुंब म्हणून आम्ही त्यात बसलो. तेव्हा कागदी चेक मिळायचे आणि प्रत्येकावर छापलेलं असायचं काय घ्यायचं आणि किती. बाळाला फक्त अंगावर पाजणारी म्हणून मला सगळ्यात मोठं पॅकेज होतं: महिन्याला 24 क्वार्ट, म्हणजे साडेबावीस लिटरच्या आसपास दूध, दोन डझन अंडी, चीज, पीनट बटर, सुक्या घेवड्याचे दाणे, सीरिअल, फळांचा रस, गव्हाचा ब्रेड किंवा मक्याच्या रोट्या, डबाबंद मासे आणि 10 डॉलरची फळं-भाज्या. काही महिन्यांपूर्वीच, ऑक्टोबर 2009 मध्ये, ही यादी सुधारली होती. फळं-भाज्या, रोट्या आणि ब्राउन राइस तेव्हाच आले. बटाटा मात्र वगळला होता. आईला हे सांगितल्यावर अमेरिकन सरकारबद्दलचं तिचं मत एकदम सुधारलं.

योजनेला मी नावं ठेवणार नाही. तिने माझं पोट भरलं. पण फ्रीजमधलं बिनसायीचं गार दूध, त्यात सीरिअल, वर गार रस, दुपारी ब्रेड आणि पीनट बटर हे मी दिवसाच्या तिन्ही वेळा खात होते, कारण त्याला हातच लागत नव्हते. दही त्या यादीत नव्हतं, दूध होतं. पण विरजण लावण्याइतकंही त्राण नव्हतं.

दोन्याशी तोवर फक्त जिन्यात हसण्यापुरती ओळख होती. बाळाच्या रडण्याने ती वर आली. पाठीशी शालीत तिची नात बांधलेली, चार महिन्यांची. मी पलंगावर बसून सीरिअल खात होते. दोन्याने वाटीला बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "फ्रीओ!" गार. मग माझ्या हातून वाटी काढून घेतली, रसाचा पेला उचलला आणि दोन्ही स्वयंपाकघरात नेले. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नव्हतं. पण 'गार खाऊ नको' हे मला वेंगुर्ल्याहून फोनवर आधीच सांगून झालेलं होतं.

अर्ध्या तासाने ती खालून एक पातेलं घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी तिने ते माझ्यासमोरच केलं, म्हणून नीट सांगता येतं. मक्याचं पीठ थोड्या गार पाण्यात हाताने कालवायचं, गुठळी राहता कामा नये. दुसरीकडे पाण्यात दालचिनीची कांडी आणि 'पानेला' उकळायचा. पानेला म्हणजे गूळच, रंग आणि वास थेट आपल्या गुळाचा. तो विरघळला की वरून कालवलेलं पीठ सोडायचं आणि ढवळत राहायचं, हात थांबवायचा नाही. दाटसर झालं की आतोले तयार. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेला असतो, त्यामुळे त्या पिठाला एक वेगळा, मातकट वास असतो आणि त्यात कॅल्शियमही बरंच. पहिल्या घोटाला मला नाचणीची गोड पेज आठवली. दोन्याने छातीकडे बोट दाखवून हात खाली ओघळवला. दूध येतं, असं ती सांगत होती. मी तिला सुंठेची डबी दाखवली. तिने वास घेतला, जिभेवर चिमूट ठेवली आणि पातेल्यात घातली.

त्यानंतर रोज काहीतरी वर येऊ लागलं. कोंबडीचा पातळ रस्सा, त्यात गाजर, कोबी, थोडा भात, पुदिना. मिरची अजिबात नाही. शेकलेल्या मक्याच्या रोट्या. दालचिनीचा चहा. बाळंतिणीचे चाळीस दिवस तिच्याकडेही असतात. त्या दिवसांत डुकराचं मांस नको, गार काही नको, केस ओले ठेवायचे नाहीत, वारा लागू द्यायचा नाही. वाहाकाच्या खेड्यांत बाळंतिणीला वाफेच्या खोलीत बसवतात, तेमास्काल म्हणतात तिला. आमच्याकडे शेक-शेगडी. आमच्या न्हाणीघरात तिने कढत पाण्याचा नळ सोडून दार लावलं आणि मला आत बसवलं. पोट बांधायला ती पट्टा शोधू लागली, तेव्हा आईने गरोदरपणातच पाठवलेलं जुनं सुती लुगडं मी बाहेर काढलं. तिने ते उभं फाडलं, घडी केली आणि इतकं घट्ट बांधलं की मी ओरडले. "बुएनो," ती म्हणाली. बरं झालं. आईनेही तेच म्हटलं असतं.

पुढे मोडकं स्पॅनिश बोलायला लागले तेव्हा कळलं, दोन्या त्या दिवसांत घरी का होती. तिच्या मुलीने बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यातच काम धरलं होतं. न्यू जर्सी टर्नपाइकच्या 8ए एक्झिटजवळ मैलोन्‌मैल गोदामं आहेत. तिथे ती खोक्यांत माल भरायची. मजुरी त्या वेळचं किमान वेतन, ताशी 7.25 डॉलर. व्हॅनचं भाडं त्यातून कापून जायचं. कंत्राटी एजन्सीमार्फत काम, त्यामुळे रजा नावाचा प्रकार नाही. अमेरिकेत बाळंतपणाची पगारी रजा देणारा देशभराचा कायदाच नाही. 1993 च्या कायद्याने बारा आठवडे बिनपगारी रजा मिळते, तीही पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी आणि वर्षभर काम केलेल्यांना. आजी नातीला सांभाळायला घरी राहिली, म्हणून लेक कामावर जाऊ शकली. आणि आजी घरी होती, म्हणून माझं बाळंतपण झालं. माझ्या वाट्याला आलेलं हे प्रेम दुसऱ्या एका बाळंतिणीच्या वाट्याचं होतं, हे मला फार उशिरा समजलं.

तिची मुलगी काय खायची? मारुचान नावाच्या कपातल्या शेवया, चिप्स, गोदामातल्या यंत्रातला सोडा. जेवणाची सुटी अर्धा तास, मायक्रोवेव्हपुढे रांग. दूध काढून ठेवायला जागा नाही. मार्च 2010 मध्ये कायदा झाला की अंगावर पाजणाऱ्या बाईला कामावर दूध काढायला वेळ आणि न्हाणीघर सोडून वेगळी जागा द्यायला हवी. पण रोज पहाटे एजन्सीच्या दारात उभी राहून आज काम मिळेल का बघणारी बाई कायदा कोणाला दाखवणार? तिने बाळाला पावडरीच्या दुधावर घातलं. अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त पावडरीचं दूध 'विक' योजनेतूनच जातं. आणि इथे एक मेख आहे. बाळ पूर्णपणे पावडरीवर गेलं की आईचं पॅकेज लहान होतं आणि सहा महिन्यांनी बंद होतं. पूर्ण अंगावर पाजणारीला मोठं पॅकेज, वर्षभर. हेतू चांगला, स्तनपान वाढावं हा. पण घरी बसू शकणाऱ्या माझ्यासारखीला मासे आणि चीज मिळालं, आणि गोदामात आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या तिचं अन्न कमी झालं. एकाच घरात, वर आणि खाली.

नंतर मी आहारशास्त्र शिकले आणि जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते कागदावर वाचलं. 1995 साली सिल्व्हिया गेंडेलमन आणि बार्बरा एब्रम्स यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेक्सिकोत जन्मलेल्या बायका सगळ्यांत गरीब होत्या, तरी त्यांच्या आहारात प्रथिनं, फोलिक आम्ल, अ आणि क जीवनसत्त्व अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्याच पुढच्या पिढीपेक्षा जास्त होतं. मेक्सिकोत जन्मलेल्या आयांची बाळंही अमेरिकेत जन्मलेल्या मेक्सिकन आयांच्या बाळांपेक्षा कमी वेळा कमी वजनाची असतात. म्हणजे पैसा थोडा वाढतो आणि ताट बिघडतं. याचं खापर त्या बायकांच्या आवडीनिवडीवर फोडणं सोपं आहे. दोन्याच्या मुलीला घेवडा आवडत नव्हता असं नाही. तो शिजायला दीड तास लागतो आणि तिच्याकडे दीड तास नव्हता. खेड्याचे गोडवेही मी गाणार नाही. दोन्याच्या गावात पाण्यापेक्षा कोकाकोला सहज मिळतो, असं ती स्वतः सांगायची.

आणखी एक गोष्ट. 1998 पासून अमेरिकेत 'एनरिच्ड' म्हणून विकल्या जाणाऱ्या गव्हाच्या पिठात फोलिक आम्ल मिसळणं सक्तीचं आहे, त्यामुळे बाळांच्या मणक्याचे जन्मजात दोष कमी झाले. पण जी बाई ब्रेड खात नाही, मक्याची रोटी खाते, तिला त्याचा लाभ नाही. लॅटिन वंशाच्या आयांच्या बाळांत हे दोष जास्त होते. मक्याच्या रोटीच्या पिठात फोलिक आम्ल घालायला परवानगी मिळाली ती एप्रिल 2016 मध्ये, आणि तीही सक्ती नाही, ऐच्छिक. अठरा वर्षं लागली. ज्यांची भाकरी सरकारी टेबलावर नसते, त्यांच्या भाकरीत काय घालायचं हे असंच उशिरा सुचतं.

दोन्याने माझ्याकडून कधी पैसे घेतले नाहीत. मी तिची शाळेची, घरभाड्याची पत्रं वाचून द्यायची. एकदा डबाबंद तारल्या कोकम आणि तिरफळं घालून केल्या आणि खाली दिल्या. तिरफळाने जीभ बधिर झाल्यावर ती घाबरलीच, मग हसत सुटली. 2013 मध्ये तिच्या मुलीला दुसरं बाळ झालं. तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून डिंक तळला. तुपात पडल्यावर डिंकाचा खडा लाहीसारखा फुलतो, ते बघायला गल्लीतल्या तिघी-चौघी जमल्या होत्या. पानेला किसून लाडू वळले. मुलीने ते आतोलेबरोबर खाल्ले, आणि या वेळी पुरते चाळीस दिवस ती घरी राहिली, कारण तिघी शेजारणींनी आळीपाळीने थोरलीला सांभाळलं आणि भाड्याला हातभार लावला. आईला लाडवांचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "खोबरा जरा जास्त भाजूक होया होता."

दोन्याची आई वाहाकात आजारी पडली तेव्हा ती गेली. तिच्याकडे कागद नव्हते, म्हणजे जाणं एकेरीच होतं, हे तिलाही माहीत होतं आणि गल्लीलाही. जाताना तिने आतोलेचं पातेलं माझ्याकडे ठेवलं. पुढे ऑगस्ट 2019 मध्ये नवा नियम जाहीर झाला: सरकारी मदत घेणाऱ्या परदेशी माणसाला 'सरकारवर भार' ठरवून ग्रीन कार्ड नाकारता येईल. फेब्रुवारी 2020 मध्ये तो लागू झाला, मार्च 2021 मध्ये रद्द झाला. बाळंतिणींची 'विक' अन्न योजना त्या नियमात मुळात नव्हतीच. तरी बायका घाबरल्या. मी तेव्हा स्वयंसेवक म्हणून आहार सांगायला जायची, आणि नेहमीच्या काही जणी यायच्या बंद झाल्या. दोन्याच्या मुलीची मैत्रीण तिसऱ्या खेपेची गरोदर होती. तिला मी फोन करून सांगितलं की यात धोका नाही. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे, पण त्यांना माहीत आहे का?" तिच्या ताटातलं दूध आणि अंडी कोणी हिसकावली नव्हती, तिने भीतीने स्वतःच सोडली.

या सगळ्यातून मी एवढंच शिकले की गरीब स्थलांतरित बाळंतिणीला काय खावं हे सांगायची फारशी गरज नसते. ते तिला तिच्या आईने सांगितलेलंच असतं, मग ती आई वाहाकातली असो की वेंगुर्ल्याची. तिला कमी पडतो तो वेळ, राबायला चार हात, आणि मदत मागताना मनात भीती नसणं. यातलं पहिलं आणि तिसरं सरकारने द्यायचं असतं. दुसरं आपण देऊ शकतो.

तुमच्या इमारतीच्या बांधकामावर, वॉचमनच्या खोलीत, वीटभट्टीवर बिहारहून, ओडिशाहून, नेपाळहून किंवा आपल्याच मराठवाड्यातून आलेली एखादी बाळंतीण असेल. तिचं नाव जवळच्या अंगणवाडीत आहे का, ते बघा. गरोदर बायकांना आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला तिथून पूरक आहार मिळतो, पण गाव सुटलं की नाव तिथेच राहतं आणि नव्या जागी कोणी घालत नाही. नाव घालायला तिच्याबरोबर जा. आणि तोवर एक गरम डबा रोज तिच्या दारात न्या. तिला काय चालतं ते आधी विचारा. माझं देणं मी असंच थोडं थोडं फेडते आहे, आणि ते अजून बरंच बाकी आहे.